शिवीगाळीच्या शेजारी चादरीची जाहिरात

मोबाइलवर एक व्हिडिओ सुरू आहे. कुणीतरी एका अख्ख्या समाजाला आईबहिणीवरून शिव्या घालतोय. मध्येच तो थांबतो आणि सोलापुरातल्या एखाद्या चादर-टॉवेलच्या दुकानाची जाहिरात लागते: सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेनिमित्त खास सवलत. पाहणाऱ्याला वाटतं, दुकानदारानं या माणसाला पैसे दिले. दुकानदाराला विचारा, तो म्हणेल, असला व्हिडिओ मी बापजन्मात पाहिला नाही. दोघांचंही खरं असतं. पैसे दुकानदाराचेच गेलेले असतात, फक्त त्याला पत्ता नसतो.

मोठ्या कंपन्या या प्रकाराला इतक्या बिचकतात, की कोट्यवधींच्या जाहिराती एका दिवसात थांबवतात. आपली जाहिरात कुठल्या मजकुराशेजारी दिसू नये हे ठरवणं आणि तसं घडू न देणं, याला त्या धंद्यात ‘ब्रँड सेफ्टी’ म्हणतात. काहींना यात कंपन्यांचा सद्विचार दिसतो, काहींना सेन्सॉरशिप. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा निव्वळ नफ्या-तोट्याचा हिशेब असतो, आणि तो करणारं यंत्र आपली भाषा धड वाचत नाही. सोलापूरसारख्या शहरात खरी अडचण तिथून सुरू होते.

जागा नव्हे, माणूस विकत घेतला जातो

वर्तमानपत्रात जाहिरात देताना पान कितवं, रुंदी किती कॉलम, उंची किती सेंटिमीटर, हे आधी ठरतं. सात रस्त्यावरचा होर्डिंग घ्यायचा तर आधी जाऊन बघता येतो. ऑनलाइन जाहिरातीत जागा ठरलेली नसते, गिऱ्हाईक ठरलेलं असतं: सोलापूरपासून पंचवीस किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, तीस ते पन्नास वयाच्या, घरगुती कापडात रस असलेल्या बायका. हे म्हणजे हँडबिलं वाटणाऱ्या पोऱ्याला सांगण्यासारखं आहे, की नवी पेठेत उभा राहू नको, असं गिऱ्हाईक हेर, त्याच्या मागे जा आणि ते जिथं दोन मिनिटं टेकेल तिथं हातात कागद ठेव. गिऱ्हाईक सिद्धेश्वराच्या देवळात गेलं तर तिथं, मटक्याच्या अड्ड्यावर गेलं तर तिथंही. पोऱ्यानं काम चोख केलं. कागदावर नाव मात्र दुकानाचं आहे.

पान उघडलं, की त्यावरची मोकळी जागा लिलावाला निघते. पानाचा पत्ता, फोनचा प्रकार, वाचकाचं अंदाजे ठिकाण, त्याच्या आवडीनिवडींची जमवलेली माहिती असा मसाला बाजारात टाकला जातो. जाहिरातदारांच्या वतीनं यंत्रं बोली लावतात, जिंकणाऱ्याची जाहिरात पानावर चढते. वेबसाइटवर हे सगळं साधारण १०० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागात उरकतं. यूट्यूब आणि फेसबुक यांचा लिलाव त्यांच्या घरातल्या घरात होतो, तत्त्व तेच. या सगळ्यात ‘पण हा व्हिडिओ आहे कसला?’ असं विचारणारा माणूस कुठेच बसलेला नसतो.

‘जाहिराती आपोआप येतात हे सगळ्यांना कळतं की!’

बऱ्याच जणांना कळतं, हे मान्य. पण जाहिरातदाराला भीती असते ती स्क्रीनशॉटची. वर शिवी, खाली दुकानाचं नाव, असा एक फोटो व्हॉट्सअॅपवर फिरला, की आपोआप-बिपोआप कुणी विचारत नाही. ज्या शहराचा कापडधंदा मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या माणसांनी मिळून चालतो, तिथं कुठल्याही समाजाविरुद्धचं गरळ कुणाच्या तरी यंत्रमागावर, गोदामात किंवा गिऱ्हाइकाच्या यादीत जाऊन लागतंच. शिवाय सोलापूरचा गणवेशाचा माल परराज्यांत जातो, आणि तिकडच्या खरेदीदाराकडं या दुकानाची ओळख म्हणून तो स्क्रीनशॉटच पोचलेला असू शकतो.

दुसरं कारण पैशाचं आहे आणि माझ्या मते तेच जास्त वजनाचं. जाहिरातीचा पैसा यूट्यूब किंवा गूगल एकटं ठेवत नाही. यूट्यूबवरच्या नेहमीच्या लांब व्हिडिओंवर जाहिरातीच्या उत्पन्नातले ५५ टक्के व्हिडिओ करणाऱ्याला जातात. गूगलच्या जाहिराती लावणाऱ्या वेबसाइटमालकाला जाहिरातदाराच्या शंभर रुपयांतले सुमारे ६८ मिळतात. म्हणजे शिवीगाळ करणाऱ्याचा व्हिडिओ कमाईला पात्र असेल, तर चादरीच्या दुकानाच्या शंभरांतले पंचावन्न त्याच्या खात्यात पडतात. इथं ‘शेजारी दिसलो’ हा शब्द अपुरा पडतो. त्या माणसाचा पुढचा व्हिडिओ दुकानदाराच्या पैशानं निघालेला असतो.

तिसरं कारण किरकोळ वाटेल, पण दुकानदाराला लगेच पटेल: भांडण बघण्यात रंगलेला माणूस त्या क्षणी चादर घेत नाही.

२०१७ चा दणका

फेब्रुवारी २०१७ मध्ये लंडनच्या ‘द टाइम्स’नं दाखवून दिलं, की मर्सिडीज-बेंझ, वेटरोज ही किराणा दुकानांची साखळी आणि मेरी क्युरी ही धर्मादाय संस्था यांच्या जाहिराती यूट्यूबवर दहशतवादी आणि वंशद्वेषी गटांच्या व्हिडिओंवर लागत होत्या. मरणपंथाला लागलेल्या रुग्णांची सेवा करणाऱ्या संस्थेच्या देणग्यांतून असल्या लोकांना वाटा जात होता, ही गोष्ट इंग्लंडमध्ये चांगलीच झोंबली. मार्चमध्ये ब्रिटिश सरकारनं स्वतःच्या जाहिराती काढून घेतल्या. ‘गार्डियन’नं काढल्या, मार्क्स अँड स्पेन्सरनं काढल्या. अमेरिकेत एटीअँडटी, व्हेरायझन, जॉन्सन अँड जॉन्सन यांनीही तेच केलं.

या घटनेचे परिणाम आपल्याकडच्या छोट्या चॅनेलवाल्यांपर्यंत पोचले. जानेवारी २०१८ पासून जाहिरातीतून कमाई करायला १,००० सदस्य आणि बारा महिन्यांत ४,००० तास पाहिलं जाणं, अशी अट यूट्यूबनं घातली. पुढे कमाईच्या पायऱ्यांत बदल झाले, पण लांब व्हिडिओंवरच्या जाहिरातींसाठी हा आकडा अजून तसाच आहे. बार्शीचा किंवा अक्कलकोटचा एखादा मुलगा ‘हजार सदस्य होईनात’ म्हणून हैराण असतो, त्याचं मूळ लंडनच्या त्या बातमीत आहे.

टीव्हीच्या बाबतीत आपल्याकडं हाच प्रश्न ऑक्टोबर २०२० मध्ये उघडपणे आला. टीआरपी घोटाळ्याची चौकशी मुंबई पोलिसांनी जाहीर केली, त्याच सुमारास बजाज ऑटोचे राजीव बजाज यांनी तीन वाहिन्या आपल्या काळ्या यादीत असल्याचं सांगितलं. पार्लेनंही विखारी मजकूर दाखवणाऱ्या वृत्तवाहिन्यांवर जाहिरात देणार नाही असं जाहीर केलं. बिस्किटाचा पुडा सगळ्या जातिधर्मांच्या घरांत जातो. ज्या मालाचं गिऱ्हाईक जितकं सर्वदूर, तितका तो माल विकणारा भांडणापासून लांब राहतो.

नकोशी जागा प्रत्येकाची वेगळी

काही मजकूर कुणालाच शेजारी नको असतो: दहशतवादाचं समर्थन, लहान मुलांचं शोषण, द्वेषाचा प्रचार. ही तळाची रेघ. तिच्या वर मात्र ज्याचा त्याचा धंदा बघून ठरतं. विमान अपघाताच्या बातमीशेजारी विमान कंपनीला दिसायचं नसतं, आणि छापील वर्तमानपत्रांच्या काळापासून अशा दिवशी त्या आपल्या जाहिराती मागे घेत आल्या आहेत. विमा कंपनीला तीच बातमी कदाचित चालेल. रस्सा-पार्टीच्या ठसकेबाज, अधूनमधून शिवी हासडणाऱ्या व्हिडिओवर शेंगाचटणीवाल्याला अडचण नसेल; शाळेच्या गणवेशाच्या कारखानदाराला असेल.

ही रेघ सरकतही राहते. पहिल्या सात सेकंदांत कडक शिवी आली तर जाहिराती कमी मिळतील, असा नियम यूट्यूबनं २०२३ मध्ये केला. जुलै २०२५ मध्ये तो सैल करून टाकला. जाहिरात आणि शिवी यांच्यात थोडं अंतर हवं, ही टीव्हीच्या जमान्यातली अपेक्षा आता तेवढी राहिलेली नाही.

शब्दांची चाळणी आणि १२ जानेवारी

आता मुख्य अडचण. कुठला मजकूर घाण, हे यंत्र ठरवतं कसं?

सगळ्यात जुनी आणि अजूनही वापरात असलेली पद्धत म्हणजे शब्दांची यादी. ‘खून’, ‘बॉम्ब’, ‘गोळीबार’ असे शेकडो शब्द भरायचे. पानावर त्यातला एखादा सापडला, की जाहिरात तिथं जात नाही. पद्धत स्वस्त आणि झटपट आहे, पण शहाणी नाही. २०२० मध्ये अनेक जाहिरातदारांनी ‘कोरोना’ शब्द यादीत घातला. लोक वर्तमानपत्रांच्या वेबसाइटवर कधी नव्हे इतके येत होते, आणि नेमक्या त्याच पानांना जाहिराती मिळत नव्हत्या.

सोलापुरात याचं उदाहरण दरवर्षी जानेवारीत घडू शकतं. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिलं गेलं. दरवर्षी त्या दिवशी चार हुतात्म्यांवर लेख येतात, त्यात ‘फाशी’, ‘गोळीबार’, ‘मार्शल लॉ’ हे शब्द असणारच. त्याच आठवड्यात सिद्धेश्वराची यात्रा असते, गड्डा भरतो, स्थानिक दुकानदार जाहिरातींवर खर्च करतात. म्हणजे सोलापूरकर जे पान हमखास उघडणार, जिथं चादरीच्या जाहिरातीला काडीचाही धोका नाही, तेच पान यादीमुळं बाद होतं. कच्ची यंत्रणा तर शब्दाचा तुकडा जुळला तरी अडवते: ‘काप’ अडवायला सांगितलं, तर सोबत ‘कापड’ही गेलं. कापडवाल्यानं काय करावं?

उलट बाजूनं खरी घाण सुटते. तयार याद्या बहुतेक इंग्रजीतल्या असतात. मराठी शिवी देवनागरीत लिहिली जाते, इंग्रजी अक्षरांत चार तऱ्हांनी लिहिली जाते, मधलं अक्षर गाळून त्या जागी फुली टाकली जाते. आणि सगळ्यात विषारी वाक्यात पुष्कळदा एकही शिवी नसते. ‘यांना एकदा धडा शिकवायलाच पाहिजे’ यातला प्रत्येक शब्द शाळेच्या पुस्तकात छापण्याजोगा आहे.

नवी यंत्रं शब्दांपलीकडं पाहतात. पानाचा आशय, व्हिडिओचं शीर्षक, वरचं चित्र, बोलण्याचं लेखी रूपांतर एकत्र तपासून ती मजकुराची प्रतवारी करतात. इंटिग्रल अॅड सायन्स, डबलव्हेरिफाय अशा कंपन्या हेच काम मोठ्या जाहिरातदारांसाठी बोलीच्या आधी करतात आणि जाहिरात दिसून गेल्यावर हिशेबही देतात. इंग्रजीत ते बऱ्यापैकी चालतं. सोलापुरी माणूस दहा मिनिटांच्या व्हिडिओत मराठीतून सुरुवात करून दखनी उर्दूत टोमणा मारतो आणि तेलुगूत शेवट करतो. बोलण्याचं लेखी रूपांतर तिथंच गडबडतं, आणि पुढची प्रतवारी त्या गडबडीवर होते. शिवाय तासाभरापूर्वी टाकलेल्या पानाची प्रतवारी झालेलीच नसते. सावध जाहिरातदार अशा वेळी ‘माहीत नाही म्हणजे नको’ असं ठरवतो, आणि ताजी स्थानिक बातमी देणारा उपाशी राहतो.

‘ही तर मुस्कटदाबी झाली!’

जाहिरात काढली म्हणून व्हिडिओ निघत नाही. बोलण्याचा हक्क शाबूत राहतो. त्याला दुसऱ्यानं पैसे पुरवावेत असा हक्क कुणालाच नसतो. दुकानदारानं कुणाच्या गणपतीला वर्गणी द्यायची हे जसं तो ठरवतो, तसं हे.

आक्षेप पूर्ण फेटाळता येत नाही, तो वेगळ्या कारणासाठी. एका कंपनीनं नकार देणं निराळं आणि शंभर कंपन्यांनी मिळून कुणाची तरी कोंडी करणं निराळं. जागतिक जाहिरातदार महासंघानं २०१९ मध्ये ‘गार्म’ नावाचा मंच सुरू केला होता. हानिकारक मजकुराच्या व्याख्या सगळ्यांच्या सारख्या असाव्यात, हा त्याचा हेतू. नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘एक्स’वर (पूर्वीच्या ट्विटरवर) नाझीसमर्थक मजकुराशेजारी मोठ्या कंपन्यांच्या जाहिराती दिसल्याचा अहवाल मीडिया मॅटर्स या संस्थेनं दिला. आयबीएम, अॅपल, डिस्ने यांनी जाहिराती थांबवल्या. ‘एक्स’नं अहवाल बनावट पद्धतीनं घडवल्याचा आरोप करत त्या संस्थेवर दावा लावला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये जाहिरातदारांनी संगनमत केल्याचा दावा गार्मच्या पालक महासंघावरही लावला. काही दिवसांतच गार्म बंद करण्यात आला. कंपन्या आजही नकार देतात, फक्त एकत्र बसून नियम ठरवायला आता कचरतात.

‘कंपन्यांनी पाठ फिरवून काय फरक पडतो?’

कमीच. जुलै २०२० मध्ये द्वेषाच्या मजकुराविरुद्ध हजाराहून जास्त जाहिरातदारांनी फेसबुकवरच्या जाहिराती थांबवल्या. युनिलिव्हर, कोका-कोला, स्टारबक्स त्यात होत्या. तरी त्यानंतरच्या, जुलै ते सप्टेंबरच्या तिमाहीत फेसबुकचं उत्पन्न आदल्या वर्षीपेक्षा २२ टक्क्यांनी वाढलं. त्या काळात फेसबुककडं ८० लाखांहून जास्त जाहिरातदार होते, आणि त्यातले बहुसंख्य तुमच्या-आमच्या गल्लीतल्या दुकानाएवढे. त्यातलं कुणी पत्रक काढून बहिष्कार घालत नाही.

बातमीदाराचा पिवळा डॉलर

दुसऱ्या टोकाला स्थानिक यूट्यूब चॅनेल आहेत. व्हिडिओशेजारी हिरव्याऐवजी पिवळं डॉलरचं चिन्ह आलं, म्हणजे जाहिराती मर्यादित किंवा जवळजवळ बंद. पुणे महामार्गावरच्या अपघाताची साधी बातमी दिली तरी ते येतं, आणि चॅनेलवाला म्हणतो, आमच्यावर डाव आहे. बहुतेक वेळा डाव नसतो, वरचं चित्र असतं: रक्त, झाकलेला मृतदेह, लाल गोल आणि त्यात बाण. बातमीला यूट्यूब सूट देतं, पण संदर्भ दिसला तर. निवेदक काय घडलं, कुठं घडलं, पोलिसांचं म्हणणं काय, हे सांगत असेल आणि दृश्य धूसर केलेलं असेल तर प्रकरण सोपं. नुसतं कच्चं चित्रण जोडून टाकलं तर अवघड.

व्हिडिओ चढवताना त्यातल्या मजकुराबद्दल जी प्रश्नावली येते ती खरी भरावी. तिची उत्तरं सातत्यानं बरोबर निघाली, तर यंत्र पुढे त्या चॅनेलच्या उत्तरांवर जास्त विसंबतं. पिवळं चिन्ह आलंच, तर माणसाकडून तपासणी मागता येते. पण ती मागण्याआधी शीर्षक आणि चित्र सुधारून घ्यावं, कारण तपासणाऱ्या माणसाचा निर्णय अखेरचा असतो.

रोजच्या तीनशे रुपयांत काय करता येतं

अमेरिकेतल्या जाहिरातदारांच्या राष्ट्रीय संघटनेनं २०२३ मध्ये मोठ्या कंपन्यांचा खर्च तपासला. लिलावातून वेबसाइटवर गेलेल्या पैशातला १५ टक्के पैसा केवळ जाहिराती दाखवण्यासाठी बनवलेल्या भंगार साइटवर गेला होता. तो हिशेब सोलापूरला लावून पाहा. समजा रोजचे ३०० रुपये आणि हजार वेळा दिसण्याचा दर ६० रुपये. रोज जाहिरात ५,००० वेळा दिसते. त्यातली १५ टक्के वाया, म्हणजे ७५० वेळा, ४५ रुपये. महिन्याला १,३५० रुपये. छोट्या दुकानाचं नुकसान बदनामीपेक्षा आधी असं होतं.

फक्त गूगल सर्चमधली जाहिरात असेल तर हा त्रास जवळजवळ नाही. ‘सर्च पार्टनर्स’ची खूण काढली, की झालं. व्हिडिओ आणि चित्राच्या जाहिराती असतील तर गूगल अॅड्समध्ये ‘टूल्स’खाली ‘कंटेंट सूटॅबिलिटी’ शोधा. मेनूची जागा बदलत राहते, नाव सहसा तेच असतं. तिथं व्हिडिओसाठी तीन पातळ्या आहेत: एक्स्पांडेड, स्टँडर्ड, लिमिटेड. बहुतेक दुकानांना स्टँडर्ड पुरते. त्याखाली शोकांतिका आणि संघर्ष, सनसनाटी मजकूर, शिवराळ भाषा, अशा वर्गांवर वेगवेगळी फुली मारता येते. शिवराळ आणि सनसनाटी काढा. ‘शोकांतिका आणि संघर्ष’ काढताना विचार करा, कारण स्थानिक बातम्यांची बरीच पानं त्याबरोबर जातात.

मग दर पंधरा दिवसांनी ‘जाहिराती कुठे दिसल्या’ हा अहवाल खर्चाच्या उतरत्या क्रमानं लावून वरची पन्नास नावं वाचा. सहसा शिवीगाळीच्या आधी दुसरंच काही सापडतं: लहान मुलांची गाणी आणि मोबाइल गेम. आईचा फोन पोराच्या हातात असतो, ते दिसेल तिथं बोट लावतं, आणि दुकानदार त्या क्लिकचे पैसे भरतो. गेम अॅपचा अख्खा वर्ग आणि मुलांच्या चॅनेलची नावं वगळा, वाईट चॅनेल एकेक करून वगळा. ‘परफॉर्मन्स मॅक्स’ प्रकारची मोहीम असेल, तर ही वगळणी पूर्ण खात्याच्या पातळीवर करावी लागते. एकट्या मोहिमेत जागा निवडता येत नाहीत.

फेसबुक-इन्स्टाग्रामवर जागांची निवड आपोआप चालू असते. ती हातानं करायला घेऊन ‘ऑडियन्स नेटवर्क’वरची खूण काढली, की भलत्याच अॅपमध्ये जाहिरात जाणं थांबतं. मजकुराच्या गाळणीच्या तिथंही तीन पातळ्या आहेत. मधली, म्हणजे मॉडरेट, ठेवावी.

शब्दांची यादी करायचीच असेल तर वीस-पंचवीस शब्दांपलीकडं नको. मराठी शिव्या देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही अक्षरांत घालाव्यात, कन्नड आणि तेलुगू शिव्यांसाठी शेजाऱ्याची मदत घ्यावी. ‘फाशी’, ‘आंदोलन’, ‘मोर्चा’ हे शब्द त्यात नसावेत. आणि सगळ्या फुल्या एकाच दिवशी मारू नयेत. जागा अचानक आटल्या, की उरलेल्या जागांसाठी बोली चढते, साठाचा दर नव्वदावर जाऊ शकतो आणि कुठल्या फुलीनं तो चढवला हे शोधता येत नाही. एक बदल, मग आठवडाभर दर पाहायचा, मग दुसरा. गड्ड्याच्या जाहिरातींसाठी ही कामं डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच सुरू करावी लागतात.